पटकीचे विष आणि पेशीचे पटल

कलकत्त्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान, भिलाई हे गाव लागते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भिलाईचे नाव देशभर झाले. त्याच वर्षी ह्याच लोहमार्गाच्या दोन्ही टोकांस आणखी एक काम तडीस गेले. त्याचा असा गाजावाजा झाला नाही. कलकत्त्यास डॉ. शंभुनाथ दे यांनी, आणि मुंबईस हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, पानसे व कुलकर्णी या संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, पटकीचा जंतू एक विष तयार करतो आणि जंतू स्वतः हजर नसला तरी ते विष एकटे हा रोग घडवून आणू शकते.

पटकी, म्हणजेच कॉलरा, हे नाव महाराष्ट्रास नवे नाही. गावाच्या शिवेवर मरीआईचे ठाणे नसलेले गाव शोधून काढावे लागेल. गेल्या शतकापूर्वीच्या काळात पंढरीची वारी आणि पटकीची साथ यांची सांगड सरकारी अहवालांतून पुनःपुन्हा आढळते. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य उलट्या व जुलाब होऊन संध्याकाळपर्यंत सुकून जात असे. डोळे खोल जात, आवाज बसे, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडत. शरीरातील पाणी जाते हे उघड होते. ते का जाते, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास येऊन स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू हेच पटकीचे कारण होय हे निश्चित केले. हा जंतू एखादे विष सोडीत असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. परंतु पुढील पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. ह्याचे कारण विषात नव्हते, शोधण्याच्या जागेत होते. संशोधक जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचीत आणि काय होते ते पाहत. प्राणी मरत, पण पटकीने मरत नसत. जंतूच्या मृत देहातील निराळ्याच द्रव्यांनी मरत. पटकी हा आतड्याचा रोग, तेव्हा विषाची परीक्षा आतड्यातच करावयास हवी, ही गोष्ट आज किती साधी वाटते!

दे यांनी नेमके तेच केले. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, न कापता, दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधावयाचा. मधल्या बंद नळीत परीक्षेचे द्रव्य सुईने सोडावयाचे. पोट शिवून टाकून दुसऱ्या दिवशी पाहावयाचे. ही रीत त्यांनी चटर्जी यांच्या साहाय्याने १९५३ मध्ये जिवंत जंतू वापरून सिद्ध केली होती. १९५९ मध्ये त्यांनी जंतू ज्या पोषक द्रवात वाढविले तो द्रव गाळून घेतला, त्यात एकही जंतू उरणार नाही अशी व्यवस्था केली आणि तो गाळ नव्हे, तर ते गाळीव त्या नळीत सोडले. आतड्याचा तो भाग पाण्याने टम्म फुगला. नुसता पोषक द्रव सोडलेला भाग तसाच चपटा राहिला. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’ ह्या नियतकालिकात हे निवेदन प्रसिद्ध झाले. ते जेमतेम दोन पृष्ठांचे आहे.

मुंबईची वाट थोडी निराळी होती. दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ मध्ये सशाच्या दूधपित्या पिल्लांत पटकी निर्माण करण्याची रीत बसविली होती. औषधांची परीक्षा करणे हा तिचा मूळ उद्देश. तीच पिल्ले घेऊन १९५९ मध्ये दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी त्यांना पटकीच्या जंतूंचा, जिवंत जंतू नसलेला अर्क दिला. पिल्लांना पटकीसारखाच प्राणघातक अतिसार झाला. दोन शहरे, दोन रीती आणि निष्कर्ष एकच. विज्ञानात ह्याहून बळकट पुरावा क्वचित मिळतो.

आता पुढचा प्रश्न असा की, हे विष आतड्याच्या पेशीवर करते तरी काय? आतडे गळू लागते म्हणजे त्याचे अस्तर सोलवटून निघत असावे, अशी एकोणिसाव्या शतकापासूनची समजूत होती. पटकीच्या जुलाबात तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके कण दिसतात. ते त्या अस्तराचेच तुकडे, असे सांगितले जाई. १९६० मध्ये गँगारोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्यातील अस्तराचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे आढळले. भिंत पडलेली नव्हती, तरी घरातून पाणी लोंढ्याने वाहत होते. हे कोडे सोडवावयाचे तर ती भिंत कशाची बनलेली असते ते प्रथम पाहिले पाहिजे.

पटल कशाचे असते?

भिलाईच्या कारखान्यात लोखंड लाटून जाड पत्रा तयार होतो. त्या पत्र्यातील प्रत्येक अणू आपल्या ठरलेल्या जागी असतो आणि म्हणूनच पत्रा पत्रा राहतो. सजीव पेशीभोवती असलेले पटल ह्याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. त्यातील एकही रेणू जागेवर बसत नाही, तरी पटल अभंग राहते.

पेशीपटल मुख्यत्वे स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते. शास्त्रज्ञ त्यांना लिपिडे म्हणतात. त्यांतील सर्वांत परिचित लेसिथिन. अंड्याच्या पिवळ्या बलकात ते विपुल असते. लेसिथिनच्या रेणूस एक डोके व दोन शेपट्या असतात असे समजावे. डोक्यास पाणी प्रिय, शेपट्यांना पाणी नकोसे. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले तर ते आपोआप दोन थरांत उभे राहतात: डोकी बाहेरच्या बाजूस पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी हुकूम सोडावा लागत नाही. गोर्टर आणि ग्रेंडेल ह्या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे दाखविले. त्यावरून पटल दुहेरी असले पाहिजे हे ठरले. मौज अशी की, त्यांनी स्निग्धांश पुरता काढला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींस खाऊन टाकले आणि उत्तर बरोबर आले.

ह्या दुहेरी पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लक्ष भाग केले, तर त्यांतील एक भाग. इतक्या पातळ पडद्यात रेणूंची सारखी ये-जा चालते. लिपिडाचा एक रेणू एका सेकंदात सुमारे एक कोटी वेळा आपला शेजारी बदलतो. मात्र एका थरातून दुसऱ्या थरात कोलांटी मारणे त्यास फार जड जाते, कारण त्यासाठी पाणी-प्रिय डोके स्निग्ध भागातून न्यावे लागते. असा प्रसंग एका रेणूवर तासन्‌तास येत नाही.

हा पडदा किती पातळ वा घट्ट असावा हे शेपट्यांवर अवलंबून असते. हिवाळ्यात तूप थिजते, पण करडईचे तेल थिजत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे. तुपातील मेदाम्लांच्या शेपट्या बऱ्याच अंशी सरळ असल्याने त्या दाटीने रचल्या जातात. करडईच्या तेलातील शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्या एकमेकींस खेटून बसत नाहीत. पेशीपटलात दोन्ही प्रकार असतात, शिवाय त्यांच्या फटींत कोलेस्टेरॉल शिरलेले असते. सरळ शेपट्यांची लिपिडे व कोलेस्टेरॉल मिळून काही ठिकाणी किंचित घट्ट अशी बेटे बनवितात. नदीवरील तराफ्याप्रमाणे ती पटलात तरंगत असतात. ही बेटे अत्यंत लहान व क्षणभंगुर असल्याने त्यांच्या स्वरूपाविषयी बराच काळ वाद चालला. जंतूंच्या विषांना मात्र, असे म्हणावयास हरकत नाही, ती फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

फाडणारी आणि भोके पाडणारी विषे

पटकीच्या विषाचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी त्याच्या दांडगट भाऊबंदांकडे एक दृष्टिक्षेप टाकणे बरे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील मातीने माखलेल्या जखमा सडून त्यांत वायू भरत असे. ह्या वायुकोथाचा एक जंतू जे विष सोडतो त्याची परीक्षा करताना १९३९ मध्ये नाग्लर यांना असे आढळले की, मानवी रक्ताच्या निवळ द्रवात (सीरममध्ये) ते विष टाकले असता तो द्रव दुधाळ होतो. १९४१ मध्ये मॅकफार्लेन व नाइट यांनी त्याचे कारण सांगितले. ते विष म्हणजे लेसिथिन तोडणारे एक एन्झाइम होते. ते रेणूचे डोके उडवून देते आणि मागे नुसत्या शेपट्यांचा भाग उरतो. बिनडोक रेणूंनी बनलेले पटल वाकडे-तिकडे होते, एकमेकांत मिसळते आणि शेवटी फाटते. एखादे जंतुविष रासायनिक दृष्ट्या नेमके काय करते, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

दुसरी विषे पटलास भोके पाडतात. ती सुट्या रेणूंच्या रूपाने येतात, पटलावर उतरतात, तेथे एकमेकांस शोधून वर्तुळ करतात आणि वर्तुळ पुरे झाले की पटलात शिरतात. पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या एका विषाचे वर्तुळ सात रेणूंचे असते. काही विषांना पटलात कोलेस्टेरॉल असल्यावाचून कामच करता येत नाही. त्यांचे वर्तुळ तीस-चाळीस रेणूंपर्यंत जाते आणि त्यातून मोठमोठी प्रथिनेदेखील सहज बाहेर पडतात.

येथे लिपिडे नुसती बळी नसतात, भागीदारही असतात. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ह्या विषयावर अलीकडे महत्त्वाचे काम झाले आहे. आतड्यातील ई. कोलाय ह्या जंतूचे एक विष बारा रेणूंचे वर्तुळ करते. कोलेस्टेरॉल हे त्या वर्तुळाच्या अर्धवट अवस्थांना स्थैर्य देऊन विषास मदत करते, असे तेथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. पुढील वर्षी त्याच संस्थेतील अय्यप्पा, बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिस्टेरिया जंतूचे विष कृत्रिम पटलाच्या फुग्यांवर सोडले आणि प्रकाशमान रंग लावलेल्या लिपिडांच्या हालचाली मोजल्या. फुग्यांचे दोन तट पडले: काही झरझर गळले, काही अगदी सावकाश. विषाचे वर्तुळ कोणत्या अवस्थेत आहे आणि भोवतालची लिपिडे कशी हालत आहेत, ह्या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विष पटलास बदलते आणि बदललेले पटल विषास.

फसविणारे विष

पटकीचे विष ह्यांपैकी काहीच करीत नाही. ते पटल फाडीत नाही, त्यास भोक पाडीत नाही. ते दार वाजविते.

१९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पॅलुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याची रचना मोठी सूचक आहे. ‘ब’ नावाचे पाच सारखे भाग मिळून एक कडे होते आणि त्या कड्यावर ‘अ’ हा एकच भाग बसलेला असतो. खरे विष ‘अ’ मध्ये आहे; ‘ब’ हे त्याचे वाहन. हे वाहन पेशीवर कशास चिकटते, ह्याचे उत्तर अनपेक्षित मिळाले. १८९८ मध्येच वासरमान व टाकाकी यांच्या ध्यानात आले होते की, मेंदूचा लगदा धनुर्वाताचे विष शोषून निकामी करतो. फान हेनिंगन यांनी पुढे दाखविले की, मेंदूतील गँग्लिओसाइड नावाची लिपिडे हे काम करतात. पटकीच्या विषावर तोच प्रयोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये करून पाहिला आणि तेथेही गँग्लिओसाइडांनी विष निकामी केले. त्यांतील जीएम-१ हेच ते लिपिड, हे १९७३ पर्यंत निश्चित झाले.

जीएम-१ च्या शेपट्या पटलाच्या बाहेरच्या थरात रुतलेल्या असतात आणि शर्करेचा एक लहानसा तुरा बाहेर डोकावतो. ‘ब’ च्या पाच भागांपैकी प्रत्येकात ह्या तुऱ्यास बसण्याजोगी खोबण आहे. एका तुऱ्याची पकड ढिली पडली तरी उरलेले चार धरून ठेवतात, म्हणून विष सहसा सुटत नाही. पटकीचा जंतू आणखी एक धूर्तपणा करतो. तो एक एन्झाइम सोडतो व त्यायोगे इतर गँग्लिओसाइडांचे जादा शर्कराकण तोडून त्यांचे जीएम-१ मध्ये रूपांतर करतो. कुलूप आपल्या किल्लीस बसत नसेल, तर कुलूपच घासून घ्यावे, तद्वत.

ह्यानंतर लिपिडांच्या वर्तनात जो फरक पडतो तो ह्या विषयाचा गाभा होय. एरवी मोकळी भटकणारी पाच जीएम-१ आता एका कड्याखाली जखडली जातात. त्यांच्या शेपट्या सरळ असल्या तर सभोवार कोलेस्टेरॉल जमते आणि एक घट्ट बेट तयार होते. बाहेरच्या थरातील रेणू असे एका बाजूने गोळा झाले, पण आतल्या थरात तसा बदल झाला नाही, म्हणजे पटलाचा तोल जातो आणि ते आतल्या बाजूस वाकते. कागदाच्या एकाच बाजूस खळ लावली असता कागद वळतो, तसेच हे. वाकलेल्या भागाची पिशवी होते, पिशवी पेशीच्या आत सुटते आणि विष स्वतः काहीही बळ न लावता आत पोचते. अतिसाराच्या दुसऱ्या एका जंतूचे शिगा-विष निराळ्या लिपिडास धरून पटलात लांब नळ्या उत्पन्न करते, असे २००७ मध्ये दिसून आले. म्हणजे ही युक्ती एकाच जंतूची नव्हे.

आत गेलेली पिशवी दोन वाटांपैकी एकीने जाते. एक वाट पेशीच्या कचरापेटीकडे जाते. तेथे विष नष्ट होते. दुसरी उलट्या दिशेने, जेथे प्रथिने घडविली जातात त्या जाळीदार कोठारापर्यंत जाते. कोणती वाट मिळणार हे बहुतांशी जीएम-१ च्या शेपट्यांवर ठरते, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले: शेपटी आखूड किंवा बाक असलेली असेल, तर कोठार, लांब व सरळ असेल, तर तो मार्ग बंद. तूप आणि तेल यांतील फरकाइतका बारीक फरक, आणि त्यावर विषाचे यशापयश अवलंबून!

कोठारात ‘अ’ चा विषारी तुकडा सुटा होतो. बिघडलेली प्रथिने बाहेर टाकण्याचे एक द्वार तेथे असते. हा तुकडा बिघडलेल्या प्रथिनाचे सोंग घेऊन त्यातूनच पेशीद्रव्यात निसटतो. मग तो पेशीतील एका नियंत्रक प्रथिनावर रासायनिक खूण करतो. हे प्रथिन एरवी चालू होते आणि आपोआप बंद होते. खूण झाल्यावर ते बंद होऊ शकत नाही. परिणामी चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू भरमसाट साचतो, क्लोराइडचे दरवाजे उघडे पडतात, क्लोराइडमागोमाग सोडियम जाते आणि त्यांच्यामागून पाणी. तीव्र पटकीत रोग्याचे एका तासात एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. भिंत उभीच असते. नळ मात्र कोणी उघडा ठेवून तोटी मोडून टाकलेली असते.

शाबूत भिंतीचा उपयोग

पटल शाबूत राहते, ह्या एका गोष्टीवर लाखो जीव वाचले आहेत. आतड्याच्या पेशीत पाणी शोषून घेण्याची एक निराळी यंत्रणा असते: ग्लुकोज व सोडियम यांना ती जोडीने आत घेते आणि त्यांच्याबरोबर पाणी येते. पटकीचे विष ह्या यंत्रणेस हात लावीत नाही. वायुकोथाच्या विषाप्रमाणे त्याने पटलच फाडले असते, तर ही वाटही बुजली असती. तेव्हा रोग्यास मीठ व साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी पाजले, तर पुढच्या दाराने जाणारे पाणी मागच्या दाराने भरून काढता येते.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धातील निर्वासित पश्चिम बंगालात बनगाव येथे दाटीने राहत असता पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांची मिश्रणे करून ती पाण्यात विरघळवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजविली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळाले.

दे यांच्या वाट्यास तेवढेही आले नाही. १९७८ मध्ये पटकीविषयीच्या नोबेल परिसंवादास त्यांना पाचारण झाले आणि नोबेल पारितोषिक विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव पारितोषिकासाठी सुचविले होते. स्वदेशातील विज्ञान अकादमींनी मात्र त्यांना आपले सदस्य करून घेतले नाही. १९८५ मध्ये त्यांचा अंत झाला. पानसे आणि कुलकर्णी ही नावे तर पटकीवर लिहिणाऱ्यांच्या तळटीपांतूनच भेटतात.

भिलाईच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात, किंवा छत्तीसगडातील व महाराष्ट्रातील खेड्यांच्या आरोग्य केंद्रात, मिळणारी जलसंजीवनीची पुडी ह्याच शोधमालिकेचे फळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी तीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. आधीच्या सूत्रात मीठ व ग्लुकोज ह्याहून अधिक होते. ते कमी केल्याने जुलाबाचे प्रमाण घटले. लिटरची पुडी संपूर्ण पुडी म्हणूनच, उकळून गार केलेल्या मोजून एक लिटर पाण्यात घालावयाची असते. पाणी कमी घेतल्यास द्रावण दाट होते आणि ते आतड्यात पाणी देण्याऐवजी शरीरातील पाणीच बाहेर ओढते.